कमी सोडियमचे मीठ : आमटीत चालते, ताकात अडते

किराणा दुकानातील मिठाच्या फळीवर गेल्या काही वर्षांत चांगलीच गर्दी झाली आहे. साध्या आयोडीनयुक्त मिठाच्या शेजारी सैंधव, पादेलोण, गुलाबी मीठ, ‘नैसर्गिक’ समुद्री मीठ आणि त्यांच्या जोडीला ‘लो सोडियम’ असे लिहिलेली, बहुधा हृदयाचे चित्र छापलेली पाकिटे मांडलेली दिसतात. यांपैकी शेवटचा प्रकार तेवढा रक्तदाबाच्या दृष्टीने खरोखर वेगळा आहे. बाकीच्यांचे रंग, नावे आणि किमती निराळ्या असल्या तरी सोडियमच्या हिशेबात ती सगळी जवळपास एकाच माळेचे मणी आहेत. आमच्या घरी कमी सोडियमच्या मिठाचे दोन प्रकार, म्हणजे १५ टक्के सोडियम कमी असलेला आणि ३० टक्के कमी असलेला, रोजच्या स्वयंपाकात वापरून झाले. त्यांची चव, किंमत आणि उपयोग यांविषयी, आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला फार बारीक अक्षरांत छापलेल्या एका सूचनेविषयी, हे परीक्षण आहे.

प्रथम आत काय असते ते पाहू. साधे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याच्या वजनात सुमारे ३९ टक्के सोडियम असते, म्हणून ५ ग्रॅम मिठातून साधारण २ ग्रॅम सोडियम पोटात जाते. कमी सोडियमच्या मिठात यातील काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. तेही पांढरे, स्फटिकरूप आणि खारट असते, मात्र त्याच्या खारटपणामागून जिभेवर किंचित कडवट, धातूसारखी चव उमटते. हे मिश्रण किती प्रमाणात आहे यावर त्या पाकिटाचा सगळा गुणदोष अवलंबून असतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत सहज मिळणाऱ्या टाटा सॉल्ट लाइटवर १५ टक्के कमी सोडियम असल्याचे लिहिलेले असते. काही कंपन्यांच्या पाकिटांवर हे प्रमाण २५ ते ३० टक्के असते, तर परदेशातून येणाऱ्या काही डब्यांत निम्म्याहून अधिक सोडियम काढून टाकलेले असते. ‘लो सोडियम’ हे शब्द या सर्वांवर सारख्याच ठळकपणे छापलेले असल्यामुळे ग्राहकाने शब्दांवर न जाता टक्केवारी वाचावी हे बरे.

टक्केवारीने नेमका काय फरक पडतो हे आकड्यांनी पाहिले की अधिक स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजेच २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, अशी आहे. आपल्या देशात माणूस सरासरी किती मीठ खातो याचे अंदाज वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण ८ ते ११ ग्रॅमच्या दरम्यान आले आहेत. आपण ८ ग्रॅमच धरू. साध्या मिठाने ते ३.१ ग्रॅम सोडियम होते. तेवढेच मीठ १५ टक्केवाल्या पाकिटातून घेतले तर २.७ ग्रॅम होते, आणि ३० टक्केवाल्यातून घेतले तर २.२ ग्रॅम. म्हणजे हाताला सवय असलेले मिठाचे प्रमाण अजिबात न बदलता ३० टक्केवाले पाकीट आपल्याला मर्यादेच्या जवळ आणून सोडते, तर १५ टक्केवाले तिथवर पोहोचवत नाही. त्याच्यासोबत हातही थोडा आखडता घ्यावा लागतो. ८ ग्रॅमचे साडेसहा केले की १५ टक्केवालेही तेच काम करते, आणि अनेक घरांत हाच मार्ग अधिक टिकणारा आहे, कारण चवीची तक्रार त्यात जवळजवळ येत नाही.

सोडियम कमी होणे ही या मिठाची अर्धीच बाजू आहे. जे आत आले आहे ते पोटॅशियमही शरीरात काम करते. रक्तात सोडियम वाढले की शरीर ते विरळ ठेवण्यासाठी पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्यांतील द्रवाचे प्रमाण वाढते, आणि तो भार पेलताना धमन्यांच्या भिंती आणि हृदयाचा डावा कप्पा दोन्ही हळूहळू जाड व ताठर होत जातात. पोटॅशियम पुरेसे असेल तर मूत्रपिंडे अधिक सोडियम लघवीवाटे बाहेर टाकतात, शिवाय धमन्यांच्या भिंतीतील स्नायू सैल पडायलाही मदत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम आहारातून मिळावे असे सुचवते. ज्यांच्या ताटात पॉलिश केलेला तांदूळ, मैद्याचे पदार्थ आणि पातळ वरण यांचा भरणा आणि भाज्या-फळे नावापुरती असतात, त्यांना तेवढे मिळणे कठीण असते. ८ ग्रॅम मिठातील ३० टक्के भाग पोटॅशियम क्लोराइडचा असेल तर त्यातून सुमारे सव्वा ग्रॅम पोटॅशियम जास्तीचे मिळते. तीन केळ्यांतून साधारण तेवढे मिळते.

याचा परिणाम खरोखर मोजला गेला आहे का, हा प्रश्न रास्त आहे, कारण हृदयाचे चित्र छापणे सोपे असते. सर्वांत भक्कम उत्तर चीनमधून आले. उत्तर चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर जवळजवळ पाच वर्षे एक चाचणी चालली. सहभागी लोकांना एकतर पूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता किंवा त्यांचे वय साठीच्या पुढे असून रक्तदाब वाढलेला होता. निम्म्या गावांना तीन भाग सोडियम क्लोराइड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मीठ पुरवण्यात आले, उरलेली गावे आपले नेहमीचेच मीठ खात राहिली. २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बदललेले मीठ खाणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी, हृदय व रक्तवाहिन्यांच्या मोठ्या विकारांचे १३ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यूंचे १२ टक्क्यांनी कमी आढळले. वरच्या रक्तदाबातील सरासरी फरक मात्र अवघा ३.३ मिलिमीटर होता. एवढ्याशा फरकाकडे घरच्या यंत्रासमोर बसलेला माणूस ढुंकूनही पाहणार नाही, कारण सकाळ-संध्याकाळचा फरकच याहून मोठा असतो. पण तोच फरक हजारो धमन्यांवर वर्षानुवर्षे टिकून राहतो तेव्हा त्याचे मोल कळते. आपल्या शेजारच्या तेलंगणातही, सिद्दीपेटच्या ग्रामीण भागात, रक्तदाबाच्या सुमारे ५०० रुग्णांवर ७० टक्के सोडियम क्लोराइड आणि ३० टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाची तीन महिन्यांची चाचणी झाली आहे, आणि तिथे वरचा रक्तदाब साधारण साडेचार मिलिमीटरने उतरला. आपल्यासारखेच भात, डाळ आणि तिखट कालवणे खाणाऱ्या लोकांवरचा हा निष्कर्ष असल्यामुळे मला तो अधिक जवळचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये, घरच्या मिठाऐवजी पोटॅशियम असलेले कमी सोडियमचे मीठ वापरावे अशी शिफारस केली. ती सशर्त आहे आणि कोणाला लागू नाही हेही त्यात सांगितले आहे. त्याकडे पुढे येईन.

आमच्या घरातील रक्तदाबाचे आकडे मी येथे देत नाही. एका घरातील आकड्यांत औषधांचे बदललेले डोस, झोप, उन्हाळा आणि यंत्राचा पट्टा नीट बांधला होता की नाही या सगळ्यांची भेसळ असते. अशा आकड्यांवरून मिठाचे गुणगान करणे म्हणजे पाकिटावरच्या जाहिरातीत भर घालणे होय. चवीविषयी मात्र घरातलाच अनुभव कामाचा असतो, आणि हे मीठ घरात टिकणार की नाही हेही शेवटी चवच ठरवते.

१५ टक्केवाले मीठ आम्ही कोणालाही न सांगता बरणीत भरले, आणि आमटी, भाजी, पोळीची कणीक, पोहे, उपमा यांत ते कोणाच्या लक्षातही आले नाही. ३० टक्केवाल्याची कथा निराळी आहे. चिंच-गुळाच्या किंवा आमसुलाच्या आमटीत, मटकीच्या उसळीत, वांग्याच्या रश्शात, लसूण-मिरचीच्या पिठल्यात ते पूर्णपणे मिसळून जाते, कारण आंबट, तिखट आणि फोडणी या तिघांपुढे ती कडवट छटा उभीच राहू शकत नाही. लिंबू पिळलेल्या पोह्यांतही तेच. कारल्याच्या भाजीत तर कडवटपणाचा दोष द्यायचा तरी कोणाला! पण पदार्थ जसजसा साधा आणि थंड होत जातो तसतसे हे मीठ स्वतःची ओळख सांगू लागते. साध्या वरण-भाताच्या पहिल्याच घासाला सासरे थांबले आणि म्हणाले, “सूनबाई, वरणाला आज काय झालंय?” ताकात ते आणखी जाणवते, काकडीच्या कोशिंबिरीत जाणवते, मेतकूट-भातावर जाणवते. सर्वांत वाईट ते पानात वाढलेल्या मिठात लागते. आपल्याकडे ताट वाढताना मीठ आधी वाढण्याची रीत आहे आणि ते बोटाने थेट जिभेवर जाते. तिथे त्याला झाकायला काहीच नसते.

या अडचणीवर आम्ही काढलेला मार्ग साधा आहे. शिजवलेल्या पदार्थांना ३० टक्केवाले, ताक व कोशिंबिरीला १५ टक्केवाले, आणि पानात मीठ वाढणे बंद. ज्याला हवे त्याने मागून घ्यावे असे ठरवल्यावर मागणारे फारसे कोणी उरले नाही. ताकाला हिंग, जिरेपूड आणि आले लावले की मीठ निम्म्यावर आणता येते. कोशिंबिरीला लिंबू आणि दाण्याचे कूट यांनी तेच साधते. वर्षभराच्या कैरीच्या लोणच्यात मात्र या मिठाचा उपयोग नाही. तिथे मिठाचे प्रमाणच इतके जास्त असते की कडवटपणा उघडा पडतो. लोणचे जुन्याच मिठाने घालावे आणि पानात फोडीऐवजी खार जेमतेम बोटभर घ्यावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

एक धोका चवीतूनच उद्भवतो आणि तो जाहिरातीत कुठे सांगितलेला नसतो. ‘चवीपुरते मीठ’ हेच ज्या स्वयंपाकाचे माप आहे, तिथे खारटपणा किंचित कमी लागला की हात आपोआप पुन्हा बरणीकडे जातो. ३० टक्के कमी सोडियमचे मीठ दीडपट घातले तर सोडियम साध्या मिठाएवढे होते, आणि वर पोटॅशियमची भर पडते. म्हणून पहिले काही आठवडे तरी चमच्याने मोजून घालावे. कमी खारटाची सवय जिभेला लागायला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात, हे आहारतज्ज्ञ नेहमी सांगतात आणि ते खरे आहे. घरातील मंडळींना आता हॉटेलातला रस्सा खारट लागतो, ही तक्रार मी आनंदाने ऐकून घेते.

आता त्या बारीक अक्षरांतील सूचनेकडे वळते. या उत्पादनाविषयी माझी सर्वांत मोठी नाराजी तिच्या छपाईविषयी आहे. निरोगी मूत्रपिंडे जास्तीचे पोटॅशियम सहज बाहेर टाकतात. मूत्रपिंडांची शक्ती घटली असेल तर ते रक्तात साठत जाते, आणि त्याचा पहिला घाव हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर पडतो. बहुतेक वेळा त्याआधी काहीही लक्षण दिसत नाही. चीनमधील चाचणीत रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला जाण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, हे पाकिटाच्या बाजूने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण त्या चाचणीत मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना आणि पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना मुळातच घेतलेले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा पोटॅशियम बाहेर टाकण्यात अडथळा आणणारी अन्य कारणे असलेल्यांना, तसेच गर्भवतींना आणि लहान मुलांना लागू नाही.

आणि इथेच एक विचित्र गाठ पडते. पाकिटावरचे हृदयाचे चित्र पाहून जो माणूस ते सर्वांत आधी उचलतो, तोच बहुधा या सूचनेच्या कक्षेत येणारा असतो. बऱ्याच वर्षांचा मधुमेह असलेल्यांची मूत्रपिंडे नकळत कमजोर झालेली असू शकतात. हृदय अशक्त झालेल्या रुग्णांना अनेकदा स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन दिलेले असते, आणि ही दोन्ही औषधे पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही रक्तदाबाची अतिशय प्रचलित औषधेही कमी प्रमाणात का होईना, त्याच दिशेने काम करतात. सांधेदुखीसाठी मनानेच घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांवर भार टाकून त्यात आणखी भर घालतात. यातील एकेक गोष्ट स्वतंत्रपणे चालून जाईलही, पण सत्तरीच्या माणसाच्या औषधांच्या डब्यात या दोन-तीन एकत्र असणे ही आपल्याकडे अगदी नित्याची बाब आहे. डायलिसिसवरील नातेवाइकाला ‘मीठ कमी’ सांगितले आहे म्हणून प्रेमाने कमी सोडियमचे पाकीट नेऊन देणे हे तर सरळसरळ धोक्याचे आहे. त्याला सोडियमइतकेच पोटॅशियमही मोजून खायचे असते.

टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असणे म्हणजे हे मीठ पूर्णपणे वर्ज्य असे नाही. सासऱ्यांना तीच गोळी चालू असल्यामुळे आम्ही पाकीट फोडण्यापूर्वी घरच्या डॉक्टरांना विचारले, त्यांनी रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घेतले, होकार दिला आणि काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करायला सांगितली. रक्तातील पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर या मर्यादेत असावे लागते. ही तपासणी तालुक्याच्या गावातील प्रयोगशाळेतही होते. एकत्र कुटुंबात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: आमटी सर्वांची एकाच पातेल्यात शिजते. घरात एकाही माणसाला मूत्रपिंडाचा विकार असेल तर स्वयंपाकाच्या मुख्य बरणीत हे मीठ भरू नये. तिथे साधेच मीठ कमी घालणे हाच सुरक्षित मार्ग आहे. एवढी महत्त्वाची सूचना पाकिटाच्या पुढच्या बाजूला, हृदयाच्या चित्राच्या शेजारी आणि मराठीत असायला हवी. मी पाहिलेल्या पाकिटांवर ती मागे, घटकांच्या यादीखाली आणि इंग्रजीत होती. पंच्याहत्तरीच्या माणसाने ती चष्मा लावूनही वाचावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

किमतीबद्दल फार बोलण्यासारखे नाही. १५ टक्केवाल्याची किंमत साध्या मिठाच्या साधारण दीडपट ते दुप्पट पडते. चार माणसांच्या घरात महिन्याला किलोभर मीठ लागत असेल तर फरक दोन-तीन चहांच्या पैशांत बसतो. ३० टक्केवाले याहून महाग असते आणि मोठ्या दुकानांतच मिळते, लहान गावांत बहुधा मागवावे लागते. परदेशी डबे अनेक पटींनी महाग आहेत, त्यांची चव ताकात सोडाच, आमटीतही लपत नाही, आणि त्यांतील पोटॅशियम इतके जास्त असते की मी ते कोणालाही सुचवणार नाही. घेताना घटकांच्या यादीत पोटॅशियम क्लोराइड लिहिले आहे ना, आणि मीठ आयोडीनयुक्त आहे ना, एवढे दोन शब्द शोधावेत. पोटॅशियम क्लोराइडचा उल्लेख नसेल तर पुढे काहीही लिहिलेले असो, ते नेहमीचेच मीठ आहे.

हा शेवटचा मुद्दा सैंधवाला विशेष लागू आहे. उपवासाला चालते म्हणून घराघरांत असलेले हे मीठ आता ‘रक्तदाबवाल्यांसाठी उत्तम’ म्हणून साध्या मिठाच्या कितीतरी पट किमतीला विकले जाते. सैंधव खाणीतून निघते, त्याला गुलाबी छटा देणारी खनिजे त्यात अत्यल्प असतात, आणि वजनाला वजन धरले तर त्यातील सोडियम साध्या मिठाच्या जवळपास तेवढेच असते. खडे मीठ चमच्यात कमी मावते म्हणून चमच्यामागे सोडियम कमी भरते इतकेच, दळून घेतले की तोही फरक संपतो. शिवाय सैंधवाच्या पुष्कळ पाकिटांत आयोडीन नसते. उपवासापुरते ते जरूर वापरावे. रक्तदाबासाठी म्हणून जास्तीचे पैसे मोजणे मात्र मला पटत नाही, आणि एकादशीला त्याच मिठात परतलेली साबुदाण्याची खिचडी व वर बटाट्याचा चिवडा खाऊन सोडियम कमी झाल्याचे समाधान मानणे तर त्याहूनही कमी पटते.

मीठ बदलण्याचा उपाय आपल्या स्वयंपाकघराला अधिक लागू पडतो, याला एक कारण आहे. अमेरिकेसारख्या देशांत लोकांच्या पोटात जाणारे बहुतेक सोडियम कारखान्यात तयार झालेल्या अन्नातून आणि हॉटेलांतून येते, त्यामुळे घरातील बरणी बदलून तिथे फार थोडे साधते. आपल्याकडे बरेचसे मीठ अजूनही घरातल्या हातानेच पडते. पण हे चित्र शहरांत झपाट्याने बदलते आहे, आणि जे मीठ आपल्या बरणीतून येतच नाही त्याला हे पाकीट काही करू शकत नाही. फरसाण, वेफर्स, ब्रेड, खारी, सॉस, झटपट शेवया यांत कारखान्याचेच मीठ असते. पापडात मिठाच्या जोडीला पापडखार असतो, आणि तोही सोडियमचाच क्षार आहे. ढोकळ्यात, भज्यांच्या पिठात, डाळ लवकर शिजावी म्हणून घातल्या जाणाऱ्या खाण्याच्या सोड्यात वजनाच्या २७ टक्के सोडियम असते, म्हणजे सपाट चमचाभर सोड्यातून सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम येते, आणि ते चवीला खारट लागत नसल्यामुळे कोणाच्या हिशेबातच येत नाही. जळजळीवर घेतल्या जाणाऱ्या फसफसणाऱ्या चूर्णांचेही तसेच आहे. सुकट आणि खारवलेल्या माशांवर वाढलेल्या कोकणी माणसाला मी काय सांगावे? पण खारा मासा दोन-तीन पाण्यांत भिजवून ठेवला आणि कालवणात वेगळे मीठ घातलेच नाही, तर बराच भार हलका होतो.

पोटॅशियम मिळवण्यासाठी पाकिटावाचून अडते असेही नाही. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ या आहार-चाचणीत सोडियमचे प्रमाण न बदलता फक्त फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दूध-दही वाढवले होते आणि स्निग्ध पदार्थ कमी केले होते. तेवढ्याने रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा दाब सरासरी ११ मिलिमीटरने उतरला. तिच्यापुढची, सोडियमही कमी करून पाहणारी चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि दोन्ही गोष्टी एकत्र केल्यावर परिणाम सर्वाधिक दिसला. त्या आहाराचे घटक आपल्याला परके नाहीत. पालकाची ताकातली भाजी, मटकीची उसळ, रताळे, केळे, शहाळे, डाळिंब, साय काढलेल्या दुधाचे दही हे सगळे आपल्या बाजारात आहेच. त्यामुळे ज्या घरात भाजी-फळे आधीच भरपूर आहेत तिथे १५ टक्केवाले मीठ आणि आखडता हात पुरेसा आहे. जिथे भाजी महाग पडते किंवा घरातील वडीलधारी माणसे फळांना हातच लावत नाहीत, तिथे डॉक्टरांना विचारून ३० टक्केवाले आणण्यात अधिक अर्थ आहे. औषधाची गोळी मात्र मीठ बदलले म्हणून कोणी मनाने बंद करू नये. दाब उतरू लागला आहे असे वाटले तर आकड्यांची वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि डोस त्यांनाच ठरवू द्यावा.

माझ्या लेखी १५ टक्केवाले पाकीट पाचापैकी चार गुणांचे आहे, आणि कापला तो एक गुण सूचनेच्या छपाईसाठी. ३० टक्केवाल्याला परिणामासाठी अधिक गुण द्यावेसे वाटतात, पण ताक आणि मऊ भात ज्या घरात रोज लागतो तिथे ते एकटे चालणार नाही. आमच्याकडे आता ओट्यावर दोन बरण्या आहेत आणि दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. तिसरी, साध्या मिठाची, फळीवर वेगळी ठेवली आहे. मूत्रपिंडाच्या आजारामुळे पथ्यावर असलेले दीर मुक्कामाला येतात तेव्हा सगळा स्वयंपाक त्याच बरणीतून, एरवीपेक्षा निम्म्या मिठात होतो.